जिल्हा, तालुका आणि नगरपालिका

पत्ता लिहिताना 'तालुका' आणि 'जिल्हा' हे शब्द आपण नेहमी लिहितो. ते कोठून आले, याचा विचार मात्र सहसा करीत नाही. हे शब्द मुळचे अरबी. फारसी दप्तराच्या वाटेने ते मराठीत आले. 'जिल्हा' म्हणजे बरगडी किंवा बाजू, 'तालुका' म्हणजे संबंध, आणि 'तहसील' म्हणजे वसुली. या शेवटच्या शब्दातच जुन्या राज्यकारभाराचे मर्म आहे. मुलखाचे भाग पाडले गेले ते प्रामुख्याने सारा गोळा करण्यासाठी!

शेरशाह सूरीने (१५४०–१५४५) सरकार आणि परगणा यांची व्यवस्था नीट लावली. अकबराने १५८० मध्ये साम्राज्याचे बारा सुभे केले. सुभ्यात सरकारे, सरकारात परगणे आणि परगण्यात गावे, अशी ती उतरंड होती. मराठेशाहीतही सुभा, परगणा, तर्फ हे शब्द चालूच राहिले. पुढे इंग्रजांनी जिल्ह्यावर जो अधिकारी नेमला, त्याचे नावच 'कलेक्टर', म्हणजे वसूल करणारा. राज्यकर्ते बदलले, पण हेतू फारसा बदलला नाही.

याच काळात दुसऱ्या एका विभागणीचे बीज पडले. १८५० च्या कायद्याने शहरांना नगरपालिका स्थापन करण्याची मुभा मिळाली. १८८२ मध्ये लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव केला व या संस्थांत बिनसरकारी सभासदांचे बहुमत असावे असे धोरण ठरविले. रस्ते, दिवाबत्ती, पाणी यांच्या जोडीला शाळाही या संस्थांकडे आल्या. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार नगरपालिकांना मिळाला.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा २६ जिल्हे होते. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग व जालना, १९८२ मध्ये लातूर व गडचिरोली असे नवे जिल्हे होत गेले. २०१४ मध्ये पालघर झाला आणि संख्या ३६ वर गेली. आज हे जिल्हे सहा महसुली विभागांत मोडतात. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. १९९२ मध्ये संसदेने केलेल्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी पंचायती व नगरपालिकांना राज्यघटनेतच स्थान मिळाले.

म्हणजे आपण एकाच वेळी दोन नकाशांत राहतो. एक महसुली नकाशा: तलाठी, तहसीलदार, कलेक्टर आणि विभागीय आयुक्त. हे सारे नेमलेले अधिकारी. दुसरा स्थानिक स्वराज्याचा नकाशा: ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका व महानगरपालिका. येथील सभासद आपण निवडून देतो.

हा फरक केवळ परीक्षेपुरता नाही. उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरीतून मिळतो, जन्माचा दाखला नगरपालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून. हे ठाऊक नसल्याने कितीतरी पालक चुकीच्या रांगेत दिवस घालवितात आणि शिष्यवृत्तीची मुदत टळून जाते. सरकारी प्राथमिक शाळाही बहुतेक दुसऱ्याच नकाशात येते. तिचे छप्पर गळत असेल, शिक्षक अपुरे असतील, तर विचारण्याची पहिली जागा म्हणजे जिल्हा परिषद अथवा नगरपालिका.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, आपला प्रभाग कोणता, तालुका कोणता, नगरसेवक किंवा जिल्हा परिषद सदस्य कोण, हे आजच वहीत लिहून ठेवा. पालकांनो, मतदार यादीत आपले नाव आहे की नाही ते पाहा. जुन्या काळी भाग पाडले गेले ते रयतेकडून घेण्यासाठी. आज त्यातील काही भागांचा कारभार आपल्या मतावर चालतो. तो हक्क न वापरणे म्हणजे मुलांच्या शाळेची किल्ली दुसऱ्याच्या हाती देणे होय.