जीवसृष्टीची चौथी खाण

कीर्तनातून आणि पुराणातून ‘चार खाणी’ आणि ‘चौऱ्यांशी लक्ष योनी’ हे शब्द ज्याच्या कानावर आले नाहीत, असा मराठी माणूस विरळा. जारज, अंडज, उद्भिज आणि स्वेदज या त्या चार खाणी. कोणी गर्भाशयातून जन्मतो, कोणी अंड्यातून, कोणी भूमी भेदून वर येतो. आणि डास, उवा, ढेकूण यांसारखे जीव घामातून वा उष्म्यातून उत्पन्न होतात, अशी ही मांडणी. छांदोग्य उपनिषदात मात्र सजीवांची बीजे तीनच सांगितली आहेत. स्वेदज हे चौथे नाव ऐतरेय उपनिषदाच्या यादीत येते. ज्यांचे अंडे दिसत नव्हते आणि बीजही सापडत नव्हते, अशा जीवांना कोठे तरी जागा देणे भाग होते. ती या चौथ्या खाणीत मिळाली.

प्रत्येक दप्तरात ‘किरकोळ’ असे नाव दिलेले एक बासन असते. ज्या कागदाला अन्यत्र स्थान नाही, तो त्यात जातो. सजीवांच्या वर्गीकरणाचा इतिहास पाहिला, तर हे बासन कोणत्याही काळी रिकामे नव्हते असे दिसते. आणि या शास्त्राने पुढचे पाऊल टाकले, ते बहुधा हेच बासन सोडून.

पाश्चात्त्य परंपरेत ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात प्राण्यांचे रक्तयुक्त आणि रक्तहीन असे दोन भाग पाडले. त्यानंतरचे मोठे नाव स्वीडनच्या कार्ल लिनियसचे. १७३५ साली लायडन येथे त्याचा ‘सिस्टेमा नॅचुरे’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पाने थोडी, पण आकांक्षा मोठी. खनिजे, वनस्पती आणि प्राणी या तीन राज्यांत त्याने सारी सृष्टी बसविली. प्रजाती आणि जाती अशी दोन नावे जोडून प्रत्येक जीवाला ओळख देण्याची त्याची पद्धत आजही जगभर रूढ आहे. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्याने देवमाशाला माशांतून काढून सस्तन प्राण्यांत आणले. मात्र गोगलगाय, जळू, तारामासा अशा असंख्य विजातीय जीवांना त्याने ‘कृमी’ या एकाच वर्गात कोंबले. सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या काही जीवांसाठी पुढे बाराव्या आवृत्तीत त्याने जी प्रजाती योजिली, तिचे नावच ‘केऑस’, म्हणजे गोंधळ, असे होते.

वास्तविक हे सूक्ष्म जीव तेव्हा नवे राहिले नव्हते. डेल्फ्ट येथील कापडाचा व्यापारी लेवेनहूक याने १६७६ सालीच त्यांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले होते. परंतु ते वनस्पती की प्राणी, या प्रश्नाचे उत्तर मिळेना. अखेर १८६६ मध्ये अर्न्स्ट हेकेल या जर्मन शास्त्रज्ञाने त्यांच्यासाठी ‘प्रोटिस्टा’ हे तिसरे राज्य सुचविले. त्याच सुमारास लुई पाश्चरच्या प्रयोगांनी, जीव आपोआप उत्पन्न होतो ही कल्पना निकालात निघाली, आणि स्वेदजांची खाण बुजली. १९६९ साली रॉबर्ट व्हिटेकर या अमेरिकन शास्त्रज्ञाने पाच सृष्टींची रचना मांडली, तेव्हा अळंबी आणि बुरशी यांना वनस्पतींपासून वेगळे घर मिळाले. कवके स्वतःचे अन्न तयार करीत नाहीत. ती वनस्पतींपेक्षा प्राण्यांना अधिक जवळची आहेत, हे तर पुढे सिद्ध झाले.

व्हिटेकरच्या रचनेतही एक बासन उरलेच. ज्यांच्या पेशीत केंद्रक नाही, असे सारे जीव ‘मोनेरा’ या सृष्टीत एकत्र बांधलेले होते. अमुक एक गोष्ट नाही, एवढेच त्यांचे लक्षण. अभावावरून नाते ठरत नाही, ही गोष्ट मनावर घेणारा माणूस म्हणजे कार्ल वोज. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात तो अनेक वर्षे एकाच कामात गढून गेला होता. प्रथिने घडविणारी रायबोसोम नावाची कणिका प्रत्येक सजीवात असते. तिच्यातील आरएनए या रेणूचे तुकडे करून, त्यांच्या छायाफिती प्रकाशमान मेजावर पसरून तो नाती शोधीत असे. १९७६ मध्ये त्याचा सहकारी राल्फ वुल्फ याच्याकडून मिथेन वायू निर्माण करणारे सूक्ष्म जीव त्याला मिळाले. गायीच्या जठरात, दलदलीच्या चिखलात आणि आपल्याकडील गोबर गॅसच्या टाकीत वावरणारे हे जीव. ते दिसायला जीवाणूंसारखेच. पण त्यांची रेणूंची लिपी जीवाणूंशी जुळेना, आणि वनस्पती-प्राण्यांशीही जुळेना.

१९७७ साली वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनी हा जीवसृष्टीचा तिसरा मूळ विभाग असल्याचे जाहीर केले. वृत्तपत्रांनी बातमी पहिल्या पानावर छापली. विद्वानांनी मात्र पाठ फिरविली. नोबेल पारितोषिकाचे मानकरी सॅल्व्हाडोर लुरिया यांनी दूरध्वनी करून, या प्रकरणातून अंग काढून घ्या असे आपल्याला सांगितले, ही आठवण वुल्फने नमूद केली आहे. जर्मनीत ओट्टो कांडलर याने, या जीवांच्या पेशीभित्तिकाही निराळ्या आहेत असे दाखवून वोजला बळ दिले. १९९० मध्ये जीवाणू, आर्किया आणि केंद्रकयुक्त जीव अशी तीन अधिक्षेत्रे मांडण्यात आली. तरीही १९९८ साली अर्न्स्ट मायरसारखा थोर जीवशास्त्रज्ञ, बाह्य रूपात एवढे साम्य असताना हा भेद कशाला, असे विचारीतच होता. २००३ साली वोजला क्राफुर्ड पारितोषिक मिळाले. २०१२ मध्ये तो निवर्तला.

त्याच्या पश्चात कथेला आणखी एक वळण लागले. २०१५ साली, ग्रीनलंड आणि नॉर्वे यांच्या दरम्यानच्या सागरतळावरील गाळात आर्कियांचा एक नवा गट आढळला. केंद्रकयुक्त पेशींचीच म्हणून मानली गेलेली काही जनुके त्याच्यापाशी होती. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी, सुमारे बारा वर्षांच्या प्रयत्नांनंतर, अशाच एका जीवाचे संवर्धन प्रयोगशाळेत केल्याचे प्रसिद्ध केले. केंद्रकयुक्त पेशींचा, म्हणजे वड, अळंबी, गाय आणि मनुष्य यांचाही, उगम आर्कियांच्याच एका शाखेतून झाला असावा, असे आता अनेक शास्त्रज्ञ मानतात. तसे असेल तर मूळ अधिक्षेत्रे तीन नव्हेत, दोनच ठरतात.

घामातून जीव उपजत नाही, हे खरे. परंतु ज्यांचे मूळ कळत नाही, त्यांच्यासाठी जुन्या विचारवंतांनी एक खाण राखून ठेवली होती. कोठेच न बसणारे म्हणून ज्यांना माणसाने शतकानुशतके किरकोळांत बांधून ठेवले, त्यांच्याच बासनात त्याच्या स्वतःच्या कुळाचा पहिला कागद निघावा, हा या इतिहासाचा बोध आहे.