टिपांची मालकी

प्लुटार्कने ग्रीकमध्ये लिहिलेली चरित्रे पुढे ओसेरचे बिशप झालेल्या जाक आम्यो यांनी १५५९ साली फ्रेंचमध्ये आणली, आणि त्या फ्रेंचवरून टॉमस नॉर्थ यांनी १५७९ साली ती इंग्रजीत उतरविली. ज्ञान असेच हस्ते-परहस्ते चालत आले आहे. नॉर्थ यांचे अलेक्झांडर-चरित्र काटछाट करून व टिपा जोडून मॅकमिलन कंपनीने १९१८ साली विद्यार्थ्यांसाठी छापले. पुढे मुंबईच्या कूपर प्रकाशकांनी तसेच पुस्तक काढले, आणि वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९२३ सालचा निकाल मार्मिक होता. जुना मजकूर गाळून उरलेला सांधल्याने नवा हक्क उत्पन्न होत नाही. टिपांमागे मात्र संपादकाची विद्वत्ता व श्रम असतात, त्या उचलणे गैर.

मग शब्द फिरवून लिहिले तर? 'हम हिंदुस्तानी' नाटकाचे कर्ते आर. जी. आनंद यांनी 'न्यू देल्ही' या चित्रपटाविरुद्ध लढविलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली कसोटी घालून दिली. कल्पना वा विषय कोणाच्याच मालकीचा नसतो. हक्क असतो तो मांडणीवर. आनंद हरले. परंतु दोन्ही कृती पाहून वा वाचून दुसरी ही पहिलीचीच नक्कल आहे असा निःसंशय ग्रह झाला, तर थोडेफार शब्द बदलले असल्याची सबब टिकत नाही.