लेबलवरची नावं

शेगावच्या गजानन महाराजांची पालखी सोलापूर सोडून तिऱ्ह्याच्या रस्त्याला लागलीय आणि तुम्ही तिच्या मागे चालताय. पुढच्या वारकऱ्याच्या पिशवीतल्या स्पीकरवर प्रल्हाद शिंदे गातायत: ‘पाऊले चालती’. त्याच्या मोबाइलवर विठोबाचं रंगीत चित्र आणि गायकाचं नाव दिसतं. तेवढंच.

आता वर्षं मागे टाकत चला. कामतीपर्यंत पोचाल तेव्हा 1990 लागलेलं असेल. चहाच्या टपरीवर टू-इन-वन, त्यात कॅसेट, आणि आवाज हाच. डबीतला घडीचा कागद उलगडा. आतल्या बाजूला गाण्यांची यादी, मुंगीएवढ्या अक्षरांत. हेच गाणं कधी आषाढीच्या संचात, कधी निवडक भक्तिगीतांत. ध्वनिमुद्रण जुनं, कव्हर नवं. कंपन्यांचा हा धंदा पूर्वीपासूनच चोख.

आणखी मागे या, तबकडीच्या काळात. मांडववाल्यानं झाडाला कर्णा बांधलाय. टाळ-मृदंग असताना हा कशाला, म्हणून एक आजोबा कुरकुरतायत, पण सुई टेकली की तेही मान डोलावतात. प्रल्हाद शिंद्यांचा गळा कव्वालीत तापलेला. भीमजयंतीला भीमगीतं गाणारा आणि आषाढीला विठ्ठलाला हाक मारणारा. तबकडी हातात घ्या, कडेनं धरा, बोट उमटेल. मधल्या गोल कागदावर गायकाबरोबर गीतकार-संगीतकार छापायची एच.एम.व्ही.ची रीत होती. या गाण्याचे गीतकार दत्ता पाटील, संगीतकार मधुकर पाठक. वारीला जाणाऱ्या किती जणांना ही दोन नावं ठाऊक असतील?

माचणूर मागे पडतं, मंगळवेढा येतं. शिंदे घराण्याला हे गाव आपलं मानतं. इथं थांबू नका, तसेच पंढरपूर गाठा. साल 1947, मे महिना, उन्हानं चंद्रभागेचं वाळवंट भाजतंय. तनपुरे महाराजांच्या मठात साने गुरुजी उपोषणाला बसलेत. मागणी एकच: विठ्ठलाचं दार अस्पृश्यांना उघडा. 1 तारखेला सुरू झालेलं उपोषण 10 तारखेला सुटतं. बाहेर घोळक्यात उभे राहून लोकांचं बोलणं ऐका. सगळेच काही गुरुजींच्या बाजूचे नाहीत. 1933 साली जन्मलेले प्रल्हाद शिंदे या वेळी जेमतेम चौदा वर्षांचे आहेत. ज्या देवाला ते पुढं जन्मभर आळवणार आहेत, त्याच्या देवळाचं दार त्यांच्या दलित समाजाला आत्ता कुठं उघडतंय.

हे दार किती काळ बंद होतं, त्याची खूण महाद्वारापाशीच आहे: अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखोबांची समाधी. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली आणि ते गेले, ते 1338 साली. नामदेवांनी त्यांच्या अस्थी इथवर आणल्या, असं परंपरा सांगते. जिवंतपणी मात्र चोखोबांना या उंबऱ्याबाहेरच थांबावं लागलं.

आता आजच्या काळात परत या. एच.एम.व्ही.ची सारेगामा झाली, तबकडीची कॅसेट झाली, मग सीडी, मग 2017 साली सारेगामाचा कारवाँ प्लेयर. आवाज दरवेळी स्वच्छ होत गेला, माहिती मात्र आटत गेली. यातला दोष गाण्याचा नाही, कव्हर काढणाऱ्यांचा आहे. तेव्हा पुढची आवृत्ती काढणाऱ्यांना एवढंच सांगणं: दत्ता पाटील आणि मधुकर पाठक ही नावं ठळक छापा, आणि गायकाच्या परिचयात 1947 सालाला दोन ओळी द्या.