चिमणीतला दिवा

महाडच्या एखाद्या नव्या इमारतीत ‘चिमणीतला दिवा गेलाय’ असे सुनेने म्हटले, तर पोलादपूरकडच्या खेड्यातून आलेल्या आजेसासूबाई क्षणभर गोंधळतील. त्यांच्या लेखी चिमणी म्हणजेच दिवा. पत्र्याची डबी, पोटात रॉकेल आणि टोपणातून वर आलेली वात. सुनेची चिमणी म्हणजे गॅसच्या शेगडीवर बसवलेले, धूर आणि वाफ ओढून घेणारे यंत्र. शब्द एकच, मूळचा इंग्रजी. एक चिमणी धूर सोडणारी, दुसरी ओढणारी. या दोघींच्या मधल्या काळात आपल्या स्वयंपाकघराचा इतिहास सामावला आहे.

जुन्या घरात चुलीचा धूर कौलांच्या फटींतून बाहेर पडे. जाता जाता माळ्यावरचे ओले सरपण सुकवी, बियाण्याला कीड लागू देत नसे. त्याची किंमत मात्र बायकांच्या डोळ्यांनी आणि छातीने मोजली. मंगळुरात १८६५ साली बाझल मिशनने कौलांचा कारखाना काढला. पुढे मंगलोरी कौले कोकणात पसरली. त्यांतच एखादे काचेचे कौल चुलीच्या बाजूला बसवत. दिवसाचा उजेड तेवढाच. काजळीने ते काळे पडले की आगोटीला घर शाकारताना उतरवायचे, राखेने घासायचे आणि परत बसवायचे. चुलीवरचा उजेड दुरुस्त करण्याची ही आपली जुनी रीत!

विजेची गोष्ट निराळी. याच जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्यात, टाटांची जलविद्युत केंद्रे खोपोलीला १९१५, भिवपुरीला १९२२ आणि भिऱ्याला १९२७ साली सुरू झाली. पाणी सह्याद्रीचे, वीज मुंबईच्या गिरण्यांची. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रहही १९२७ चाच. गावातले पाणी आणि जिल्ह्यातली वीज, दोन्हींवर तेव्हा सर्वांचा हक्क नव्हता. राज्याचे वीज मंडळ १९६० साली स्थापन झाले. डोंगरातल्या वाड्यांवर खांब पोहोचायला त्यापुढेही बरीच वर्षे गेली. वीज आली तरी बहुतेक घरांत पहिला बल्ब ओटीवर लागला. स्वयंपाकघराची पाळी मागाहून आली.

आता सुनेच्या चिमणीकडे वळू. दिवा गेला की आधी चिमणीचा प्लग काढावा आणि दिवा निवू द्यावा. मग दिव्यावरची काच उतरवून साबणाच्या पाण्याने धुवावी, कोरडी करावी. पुष्कळदा दिवा गेलेला नसतोच, फोडणीच्या तेलकट थराने उजेड झाकलेला असतो. तरीही लागला नाही तर त्याच आट्याचा, तेवढ्याच वॅटचा बल्ब बसवून पाहावा. पंखा फिरतो आणि दोन्ही दिवे एकदम बंद पडले आहेत, तर बहुधा दोष बटणात किंवा आतल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये असतो. तिथे स्वतः हात न घालता वायरमनला बोलवावे.

२२ जुलै २०२१ ला सावित्री-गांधारीचा पूर महाडात शिरला, तेव्हा नव्या-जुन्या साऱ्याच घरांत अंधार झाला. आजेसासूबाईंची डबी फळीवर सापडली असती, पण आता घरात रॉकेल कुठले? पाणी ओसरल्यावर चिखल भरलेली बटणे तपासून घेतल्याशिवाय दिवा लावणे धोक्याचे होते. उजेड किती हातांवर अवलंबून असतो, हे त्या दिवसांत कळले.

आजही ओटीवरचा बल्ब गेला तर तासाभरात बदलला जातो. चिमणीतला मात्र ‘बघू रविवारी’ म्हणत महिनोन्‌महिने तसाच राहतो आणि घरातली बाई स्वतःच्याच सावलीत भाजी चिरते. आज रविवारच आहे.