पहिले पान उघडते, पुढचे का उघडत नाही?

खरिपाच्या पीकविम्याची मुदत संपत आली की बुलडाणा जिल्ह्यातील सेवा केंद्रांवर ‘सर्व्हर डाऊन’ हे दोन शब्द हमखास कानी पडतात. मेहकर, लोणार किंवा देऊळगाव राजा येथे सातबारा, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक घेऊन आलेल्या शेतकऱ्याला संकेतस्थळाचे पहिले पान व्यवस्थित दिसते, सूचनाही वाचता येतात. गट क्रमांक भरून पुढचे बटण दाबले की मात्र चक्र फिरत राहते. काही वेळाने सारे आपोआप सुरळीत होते आणि पुन्हा बंद पडते. २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा मिळत असताना मुदत ३१ जुलै होती. अखेरच्या दिवसांत संकेतस्थळ चालत नसल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या आणि मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. त्या हंगामात राज्यातून दीड कोटीहून अधिक अर्ज आले होते. मुदत वाढली नसती, तर रांगेत असूनही अर्ज न भरता आलेल्यांचा हंगाम विम्याविना गेला असता.

अशा बिघाडात सर्व्हर प्रत्यक्षात ‘डाऊन’ नसतो. पहिले पान, चित्रे, सूचनापत्रके या तयार फायली असतात. त्या उचलून देण्यास सर्व्हरला फारसे कष्ट पडत नाहीत. गट क्रमांकावरून नोंद शोधणारे पान मात्र मागणी आल्यावर घडवले जाते. त्यासाठी एक कार्यप्रक्रिया अडकून राहते, ती माहितीसाठ्याकडे विचारणा करते आणि उत्तर येईपर्यंत थांबते. या प्रक्रियांची संख्या ठरलेली असते. अपाचे २.४ मध्ये नेहमीच्या मांडणीत ती ४०० आणि टॉमकॅटमध्ये २०० असते. मायएसक्यूएल एका वेळी १५१ जोडण्या स्वीकारते. हे आकडे बदलता येतात, पण अनेक ठिकाणी ते मूळचेच राहिलेले असतात.

समजा, २०० प्रक्रिया आहेत आणि एका पानाला पाव सेकंद लागतो. म्हणजे सेकंदाला ८०० पाने देता येतील. आता माहितीसाठा मंदावला आणि तेच पान १० सेकंद घेऊ लागले, तर क्षमता एकदम २० वर येते. यंत्र तेच, वीज तीच, प्रोसेसर तर जवळजवळ रिकामा बसलेला. तरीही सारे हात गुंतलेले. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या रांगेच्या सूत्राचाच हा व्यवहारातला पडताळा आहे. त्यात कंटाळलेला केंद्रचालक बटण पुन्हा दाबतो. जुनी विचारणा रद्द होतेच असे नाही, नवी मात्र रांगेत उभी राहते.

येथे व्यवस्थापकाचा पहिला मोह सर्व्हर पुन्हा सुरू करण्याचा असतो. लोक खोळंबलेले असताना तो टाळता येत नाही, हे मान्य. पण त्यासोबत पुरावाही पुसला जातो. म्हणून आधी दोन मिनिटे काढून त्या क्षणाची स्थिती टिपून ठेवावी. किती प्रक्रिया गुंतल्या आहेत, माहितीसाठ्यात कोणती विचारणा किती सेकंदांपासून चालू आहे आणि कोण कोणाच्या कुलपामागे थांबले आहे, हे पाहावे. मायएसक्यूएलमध्ये ‘शो फुल प्रोसेसलिस्ट’ ही आज्ञा त्यासाठीच आहे. जावावर चालणाऱ्या सर्व्हरवर ‘जेस्टॅक’ दहा-दहा सेकंदांनी तीन वेळा चालवावे. तिन्ही वेळा बहुतेक प्रक्रिया एकाच ओळीवर थबकलेल्या दिसल्या, तर दोषाचा पत्ता मिळालाच म्हणून समजावे. डिस्क भरली आहे काय, स्मृती संपल्याने लिनक्सने स्वतःच एखादी प्रक्रिया मारली काय, हेही तेव्हाच पाहून घ्यावे.

बिघाडाची वेळ फार बोलकी असते. रोज ठरावीक वेळी खंड पडत असेल, तर त्या वेळी चालणारा बॅकअप किंवा अहवाल तपासावा. पुन्हा सुरू केल्यापासून साधारण तितक्याच तासांनी पडत असेल, तर कोठेतरी गळती आहे. उघडलेली जोडणी परत केली जात नसावी. केवळ गर्दीतच पडत असेल, तर एखादी विचारणा अनुक्रमणिकेविना संपूर्ण तक्ता चाळत असण्याची शक्यता मोठी. त्रुटीचा क्रमांकही दिशा दाखवतो. ५०२ म्हणजे मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर आले नाही, ५०३ म्हणजे तूर्त सेवा देता येत नाही, ५०४ म्हणजे उत्तराची वाट पाहून मधला सर्व्हर थकला.

सर्वांत फसवा प्रकार बाहेरच्या सेवेचा. अर्ज भरताना जमिनीची नोंद, आधार किंवा बँक खाते दुसऱ्या यंत्रणेकडून पडताळून घ्यायचे असते. तिच्या उत्तरासाठी कालमर्यादा घातली नसेल, तर तिची मंदगती आपल्या सर्व प्रक्रिया गिळून टाकते आणि दोष आपल्याच सर्व्हरला चिकटतो. तीन-चार सेकंदांची मर्यादा, तीही उलटली तर स्पष्ट संदेश आणि शक्य तेथे अर्ज आधी स्वीकारून पडताळणी मागाहून करण्याची सोय, हे उपाय नवे यंत्र विकत घेण्यापेक्षा स्वस्त पडतात. प्रक्रियांची संख्या वाढवण्याचा उपाय मात्र जपून योजावा. माहितीसाठाच मंद असताना दारे रुंद केली, तर आत चेंगराचेंगरी वाढते.

देखरेखीतही एक गफलत वारंवार आढळते. सर्व्हर जिवंत आहे की नाही हे तपासणारी यंत्रणा बहुधा पहिलेच पान मागते आणि ते तर नेहमीच मिळते. त्यामुळे मुख्यालयातील फलकावर हिरवा दिवा तेवत असतानाच मेहकरच्या केंद्रात चक्र फिरत असते. तपासणीसाठी एखाद्या नमुना गट क्रमांकाची नोंद दर मिनिटाला मागवावी आणि ती किती सेकंदांत आली, याचीही नोंद ठेवावी.