धांवणाऱ्या मुली आणि एक हंगाम

एखाद्या गोष्टीविषयीं समाजाचें मत खरोखर बदललें आहे कीं नाहीं हें पाहावयाचें असेल, तर तींत कांहीं अपघात घडला असतां लोक काय बोलतात इकडे लक्ष द्यावें. भरभराटीच्या दिवसांत सर्वच उदार असतात; मनांतला जुना संशय बाहेर पडतो तो संकटाच्या वेळीं. स्त्रियांच्या लांब पल्ल्याच्या धांवण्याच्या इतिहासांत असे दोन प्रसंग आहेत: एक १९२८ सालचा व दुसरा १९८५ सालचा. पहिल्यांत कोणी दगावलें नाहीं. दुसऱ्यांत सात माणसें प्राणांस मुकलीं. परंतु मुलींच्या तोंडावर दार लावून घेतलें गेलें तें पहिल्या वेळीं. दुसऱ्या वेळीं तें उघडेंच राहिलें. हा फरक कशानें पडला, एवढेंच सांगण्याचा आमचा विचार आहे.

स्त्रियांना मैदानी शर्यतींत स्थान मिळावें म्हणून ज्यांनीं चिकाटीनें झगडा केला, त्यांत फ्रान्समधील आलिस मिलिया या बाईंचें नांव आधीं घ्यावें लागतें. ऑलिंपिकचे चालक दाद देईनात, तेव्हां १९२१ सालीं त्यांनीं स्त्रियांची स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संस्था उभी केली आणि पुढल्याच वर्षीं पॅरिस येथें स्त्रियांचे निराळे सामने भरविले. त्यांत १,००० मीटरांची शर्यतही होती. या दडपणाचा परिणाम होऊन १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकांत स्त्रियांस पांच मैदानी प्रकार देण्यांत आले. त्यांतील सर्वांत लांब शर्यत ८०० मीटरांची, म्हणजे अर्ध्या मैलाला किंचित् कमी, अशी होती.

तिची अंतिम फेरी २ ऑगस्ट रोजीं झाली. नऊ जणी धांवल्या आणि नऊही जणींनीं शर्यत पुरी केली. जर्मनीची लीना राडके २ मिनिटें १६.८ सेकंदांत पहिली आली. तो नवा जागतिक विक्रम होता. जपानची किनुए हितोमी एका सेकंदाहूनही कमी अंतरानें दुसरी आली. शर्यत संपल्यावर दमलेल्या मुलींपैकीं कोणी खालीं बसली, कोणी आडवी झाली. पुरुषांच्या शर्यतींत हें नेहमीं घडतें व तेथें त्याला जिद्द म्हणतात. पण वर्तमानपत्रांतून निराळेंच चित्र रंगलें. अकरा दीनवाण्या बाया धांवल्या, त्यांतल्या पांच वाटेंतच गळाल्या व आणखी पांच शेवटीं कोसळल्या, असें एका अमेरिकन बातमीदारानें लिहिलें. मुळांत अकरा जणी धांवल्याच नव्हत्या. मग गळणार कोठून?

कोसळणें कल्पित होतें. त्याचें फळ मात्र खरें मिळालें. ती शर्यत ऑलिंपिकांतून काढून टाकण्यांत आली. १९३२ व १९३६ सालीं स्त्रियांची सर्वांत लांब व्यक्तिगत शर्यत १०० मीटरांची होती. १९४८ सालीं २०० मीटरांची आली. ८०० मीटर परत आले ते १९६० सालीं, रोम येथें. बत्तीस वर्षें! ॲम्स्टरडॅमच्या मैदानावर धांवलेल्या मुलीची लेक धांवण्याजोगी व्हावी आणि तिचेंही धांवण्याचें वय उलटून जावें, इतका हा काळ.

बातमीदारांनीं हें सर्व पदरचें लिहिलें असें म्हणावें, तर त्यांच्या डोळ्यांवर आधींपासूनच एक चष्मा होता. १८७३ सालीं बोस्टन येथील डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांनीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें. हे गृहस्थ पूर्वीं हार्वर्ड येथें वैद्यकाचे अध्यापक होते. मुलींनीं मुलांच्या बरोबरीनें अभ्यास केला, तर त्यांची प्रकृति ढांसळते व मातृत्वास बाध येतो, असें त्यांचें प्रतिपादन होतें. वाचकांनीं लक्षांत घ्यावें कीं येथें धांवण्याचा प्रश्न नव्हता. पुस्तक उघडून बसण्याचा होता! आमच्याकडेही १८८४ सालीं पुण्यास हुजूरपागेंतील मुलींची शाळा निघाली, त्यानंतर तिच्या अभ्यासक्रमावर 'केसरी'नें कडक टीका केली. तेथें शरीराऐवजीं संसाराचें नांव पुढें केलें गेलें, एवढाच काय तो भेद. विद्येविषयींचा हा आक्षेप मुलींनीं परीक्षा उत्तीर्ण होऊन खोडून काढला. धांवण्याविषयींचा आक्षेप खोडावयाचा, तर आधीं धांवूं द्यावयास हवें होतें. आणि तेंच तर बंद होतें.

तें बंद दार कसें होतें, याचें एक उदाहरण पुरेसें आहे. कॅथरिन स्वित्झर ही १९६७ सालीं सिरॅक्यूज विद्यापीठाची विद्यार्थिनी होती. तेथें मुलींचा धांवण्याचा संघच नव्हता, म्हणून ती मुलांच्या संघाबरोबर सराव करी. तिला शिकविलें तें आर्नी ब्रिग्ज नांवाच्या, विद्यापीठांत टपाल वांटणाऱ्या एका वृद्ध धांवपटूनें. स्त्रीला मॅरेथॉन झेपणार नाहीं, असें त्याचेंही मत होतें. पण सरावांत करून दाखविलेंस तर मी स्वतः तुला बोस्टनला नेईन, असें तो म्हणाला. तिनें सरावांत ३१ मैल धांवून दाखविले. बोस्टनच्या वाटेवर एका अधिकाऱ्यानें धांवत येऊन तिच्या अंगावरचा क्रमांक ओढून काढण्याचा प्रयत्न केला. तरी तिनें शर्यत पुरी केली. त्या टपालवाल्यानें आपलें मत बदललें तें कोणत्या ग्रंथानें? त्यानें तिच्याबरोबर एक हंगाम घालविला होता.

'हंगाम' हा शब्द आम्ही मुद्दाम योजिला आहे. २३ जून १९७२ रोजीं अमेरिकेंत एक शिक्षणविषयक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेनें स्त्री किंवा पुरुष म्हणून कोणासही वगळूं नये, असें त्याच्या नवव्या प्रकरणांत म्हटलें आहे. त्या मूळ वाक्यांत खेळाचें नांवही नाहीं. पण पुढें त्याचा मोठा परिणाम झाला तो महाविद्यालयांच्या मैदानांवर. मुलींना प्रशिक्षक मिळाले, वेळापत्रक मिळालें, प्रवासखर्च मिळाला. थोडक्यांत, हंगाम मिळाला.

हा हंगाम म्हणजे काय, तें थोडें सांगितलें पाहिजे. लांब पल्ल्याच्या धांवण्याचा तेथील मुख्य प्रकार क्रॉस-कंट्री, म्हणजे गवताच्या माळावरून, चढउतारांवरून धांवण्याची शर्यत. उन्हाळ्याच्या सुटींत मुली सावकाश, पण लांब धांवतात व आठवड्याचे मैल हळूहळू वाढवितात. सप्टेंबरांत महाविद्यालय भरलें कीं टेकड्यांवरचा सराव होतो. मग ठराविक अंतर वेगानें धांवावयाचें, थोडें थांबावयाचें, पुन्हां धांवावयाचें, असा क्रम येतो. नोव्हेंबरांतील अंतिम सामन्यापूर्वीं सराव कमी करून अंगांत ताजेपणा राखतात. गुणांची रीत तर फार बोधप्रद आहे. संघाच्या सात जणी धांवतात. पहिल्या पांच जणींचे क्रमांक मिळवावयाचे. ज्यांची बेरीज सर्वांत कमी तो संघ विजयी. म्हणून पांचवी मुलगी पहिलीइतकीच मोलाची ठरते. एकटीच चमकून उपयोग नाहीं. पहिली व पांचवी यांतील अंतर कमी करणें, यांतच प्रशिक्षकाचें सारें कसब असतें.

प्रशिक्षकांच्या हातून चुका झाल्या नाहींत असें नाहीं. 'जितकी हलकी तितकी वेगवान' या समजुतीनें कित्येक मुलींनीं पोटभर खाणें सोडलें. त्यांचा मासिक धर्म थांबला व हाडें ठिसूळ होऊन त्यांना बारीक तडे गेले. १९९२ सालीं अमेरिकेंतील क्रीडावैद्यकाच्या तज्ज्ञांनीं या तीन लक्षणांचा एकत्र विचार करून त्यांस नांव दिलें. क्लार्कसाहेबांस हें दिसतें, तर त्यांनीं 'मी सांगत नव्हतों!' म्हटलें असतें. पण मुळाशीं होती ती उपासमार, आणि तिच्यावर उपाय पुरेसें अन्न हा होता. ज्या शेतांत पीक वाळतें तेथें पाणी द्यावयाचें असतें. शेत पडीक टाकावयाचें नसतें.

आतां त्या दुसऱ्या प्रसंगाकडे वळूं. आयोवा प्रांतांत एम्स नांवाचें एक लहान गांव आहे व तेथें आयोवा स्टेट विद्यापीठ आहे. महाविद्यालयीन मुलींची पहिली राष्ट्रीय क्रॉस-कंट्री स्पर्धा १९७५ सालीं याच गांवीं झाली आणि ती याच विद्यापीठाच्या मुलींनीं जिंकिली. १९७८ पर्यंत लागोपाठ चारही वर्षें विजयपद त्यांच्याकडेच राहिलें. १९८५ च्या हंगामांत रॉन रेन्को हे त्यांचे प्रशिक्षक होते. २५ नोव्हेंबर रोजीं मिलवॉकी येथें अंतिम सामना झाला व त्यांचा संघ देशांत दुसरा आला. त्याच दिवशीं तीन लहान विमानांतून मंडळी घरीं निघाली. हवा फार वाईट होती. दोन विमानें सुखरूप उतरलीं. तिसरें डी मॉइन शहरांत कोसळलें. रेन्को, त्यांचे सहायक, संघांतील तीन मुली, मुलींच्या दुखापतींची काळजी घेणारी एक विद्यार्थिनी व वैमानिक, असे सातही जण गेले.

त्या संध्याकाळीं त्या मुलींच्या घरांत काय झालें असेल, त्याचें वर्णन आम्ही करीत नाहीं. ज्यांना मुली आहेत त्यांना तें सांगावयास नको. परंतु इतिहास लिहिणाऱ्यानें एक गोष्ट टिपून ठेविली पाहिजे. मुलींनीं धांवूं नये, हें या आपत्तीवरून सिद्ध झालें, असें कोणी म्हटलें नाहीं. संघ मोडला नाहीं. एम्सच्या मुली पुढेंही धांवत राहिल्या. आदल्याच वर्षीं, १९८४ सालीं, लॉस अँजेलिस येथें स्त्रियांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन झाली होती व जोन बेनॉइट ती २ तास २४ मिनिटें ५२ सेकंदांत जिंकली होती. तीही महाविद्यालयाच्याच संघांत वाढलेली. १९२८ सालीं धांवणाऱ्या मुली लोकांना एका दिवसापुरत्या दिसल्या, म्हणून त्यांच्याविषयीं वाटेल तें लिहितां आलें. १९८५ पर्यंत लोकांनीं त्यांना दहा-बारा हंगाम रोज पहांटे धांवतांना पाहिलें होतें. रोज दिसणाऱ्या गोष्टीविषयीं खोटें सांगणें कठीण असतें.

जुन्या संशयाची शेपटी मात्र लवकर तुटत नाहीं. अमेरिकेंतील महाविद्यालयांच्या अंतिम सामन्यांत मुलींचें अंतर ५,००० मीटर होतें, तें ६,००० झालें २००० सालीं. मुलांचें त्या वेळीं १०,००० होतें. जागतिक क्रॉस-कंट्रींत प्रौढ स्त्रीपुरुषांचें अंतर सारखें झालें तें थेट २०१७ सालीं.

आमच्या महाराष्ट्राचा यांत वांटा नाहीं असें नाहीं. नाशिक जिल्ह्याच्या कविता राऊत हिनें २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत १०,००० मीटरांत कांस्यपदक मिळविलें. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यांतील ललिता बाबर ही २०१६ सालीं रिओ येथें अडथळ्यांच्या ३,००० मीटर शर्यतीच्या अंतिम फेरींत दहावी आली. ही शर्यत स्त्रियांकरितां ऑलिंपिकांत आली तीच २००८ सालीं. ती नसती, तर ललिताला कोठें धांवावयाचें हाच प्रश्न होता. या मुलींचा अभिमान आपण सर्वच बाळगतों. पण आपल्या महाविद्यालयांनीं अशा किती मुलींना हंगाम दिला, याचा हिशेब मांडावयास बसलें कीं मान खालीं जाते.

आम्ही स्वतः कित्येक वर्षें क्रीडादिनाच्या मांडवांत खुर्चीवर बसलों आहों. मुलींकरितां शंभर मीटर, संगीतखुर्ची व लिंबू-चमचा, मग बक्षीससमारंभ, आणि पुढें वर्षभर मैदान मुलांचें. एकदां एका विद्यार्थिनीनें आम्हांस विचारिलें, "सर, आमच्यासाठीं दीड हजार मीटरांची शर्यत कां नाहीं?" ऊन फार आहे, असें कांहींसें उत्तर आम्ही दिलें. ती 'बरं सर' म्हणून गेली. मुलांची दीड हजारांची शर्यत त्यानंतर अर्ध्या तासानें, त्याच उन्हांत झाली व आम्हीच तिला झेंडी दाखविली. ॲम्स्टरडॅमच्या बातमीदारांस आम्ही वर नांवें ठेविलीं आहेत. त्यांच्या पंक्तींत आमचेंही एक पान मांडलेलें आहे, हें येथें नमूद करणें आम्हांस प्राप्त आहे.