नारिंगी गिटार आणि अरणगावची टेकडी

नगरहून दौंडच्या रस्त्यानं अरणगाव गाठा, रूळ ओलांडा आणि मेहेराबादची टेकडी चढा. ३१ जानेवारी, अमरतिथी. दुपारी बाराच्या ठोक्याला हजारो माणसं गप्प होतात. तुम्हीही. सव्वाबारापर्यंत ऐकू येतो तो फक्त माळावरचा वारा. याच मेहेराबादेत १० जुलै १९२५ला मेहेरबाबांनी मौन धरलं. १९६९ साली आजच्याच दिवशी, सव्वाबाराला देह ठेवला, तोवर ते सुटलं नाही.

डोळे मिटलेलेच राहू द्या. वर्षं मागं सरकतायत.

उघडाल तेव्हा तुम्ही पीट टाउनशेंडच्या घरच्या स्टुडिओत आहात. लंडनजवळ, १९७०च्या आगेमागे. ‘द हू’ या रॉक बँडचा हा गिटारवादक मंचावर गिटारी फोडण्यासाठी जगभर माहीत आहे, आणि बाबांचा भक्त आहे. समोर एक पेटी. जो वॉल्श या अमेरिकी गिटारवादक मित्रानं दिलेली भेट. झाकण उचला: ग्रेच ६१२० गिटार, पन्नासच्या दशकातली. रंग भडक नारिंगी. टाउनशेंडला ती पाहताक्षणी मुळीच आवडली नव्हती. तुम्हीही नाक मुरडाल.

तरी मांडीवर घ्या. पोट पोकळ, वर व्हायोलिनला असतात तशा दोन फटी. वॉल्शनं सोबत जुना फेंडर बँडमास्टर अँपही दिलाय. दहा इंची तीन स्पीकरांचा हा अँप ‘द हू’च्या मंचावरच्या भिंतीएवढ्या अँपांपुढे पिटुकलाच. आवाज पूर्ण सोडा. एक तार छेडा. स्पीकरमधून निघालेला आवाज गिटारीच्या पोटात परत शिरतो, लाकूड थरथरतं, आणि बोट उचलायचं सोडून तुम्ही ऐकत बसता, कारण तार आता आपली आपण गातेय. कानाआधी बरगड्यांना कळतं. टाउनशेंडचं मत फिरलं ते असंच, तिला अँपला जोडल्यावर. मंचावर तिचा सूर टिकत नाही, अशी त्याची तक्रार. तरी हातातली सर्वांत उत्तम गिटार हीच, असंही तो सांगतो.

‘द हू’च्या १९७१च्या ‘हूज नेक्स्ट’ या अल्बमवर ती वाजते. तिथल्या पहिल्याच गाण्याच्या नावात ‘बाबा’ आहेत, ते मेहेरबाबाच. पण तुम्ही ‘बार्गेन’पाशी थांबा. प्रेमगीत वाटतं, आहे मात्र बाबांसाठी: होतं-नव्हतं ते सगळं देऊन टाकलं तरी हा सौदा स्वस्तच. मीराबाईनं मोल देऊन गोविंद घेतला, हे ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना यात परकं काहीच नाही. मला दर वेळी गलबलतं ते वेगळ्याच गोष्टीनं. सर्वस्वाचं मोल सांगणारं हे गाणं ज्या गिटारीवर वाजलं, ती एका मित्रानं फुकट दिली होती.

पुन्हा टेकडी. साल १९७२. टाउनशेंड पहिल्यांदाच बाबांच्या समाधीवर आलाय. तुमच्या बरगड्यांत ती तार अजून घुमतेय. चपला बाहेर काढा, आत या, वाका. कपाळाला लागतो तो संगमरवर गार आहे.